सत्कार झालेले सर

आमच्या मैदानाला दोन रेषा होत्या. एक पांढरी, नियमाची. तिच्या बाहेर दीड पावलावर दुसरी, पिवळी. ती सरांची.

सुरुवातीला त्यांनी मूळ रेषाच पिवळी आखली होती. कारखान्यात मशीनभोवती पिवळी रेषा असते आणि तिच्या आत ज्याचं काम आहे त्यानेच जायचं असतं. हा नियम इकडच्या माणसाच्या पायात मुरलेला आहे, पांढऱ्या रेषेला कोण विचारतो, असं त्यांचं म्हणणं. सामन्याला आलेल्या पंचांनी विचारलं, "हे काय?"

"रेषा."

"ते दिसतंय. पिवळी का?"

"दिसावी म्हणून."

पंचांनी चुना आणायला लावला. सरांनी वाद घातला नाही. पांढरी रेषा आखून घेतली आणि प्रेक्षकांसाठी बाहेरून पिवळी ठेवली. गंमत अशी की आमच्या मैदानावर प्रेक्षक कधी आत घुसले नाहीत. हरल्यावरही नाही, आणि आम्ही बऱ्याचदा हरायचो.

सर गेले त्याला आता काही आठवडे झाले. दुपारी जेवून पडले होते, ते उठले नाहीत. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहा, असं क्लबातल्या मुलांनी मला सांगितलं. मी क्लबाचा चिटणीस. आकुर्डीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, फुटबॉल कधी खेळलो नाही. पत्रं नीट लिहितो एवढ्यावर मला कमिटीत घेतलं होतं. चार ओळींत सर बसत नाहीत, म्हणून सवडीने लिहितो आहे.

ते शिक्षक नव्हते. एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होते. प्रेस शॉप म्हणजे जिथे पत्रा दाबून त्याचे भाग काढतात ते खातं. तिथून निवृत्त झाल्यावर ते पूर्ण वेळ क्लबाचे झाले. संघ निवडणं, शिकवणं, सामन्याच्या वेळी रेषेवर उभं राहणं, सगळं त्यांच्याकडे. कागदावर त्यांचं पद मॅनेजर असं होतं. मैदानावर ते कंपनीचा जुना खाकी शर्ट आणि पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज घालून यायचे. चेंडू कधी पायाशी आला तर त्या बुटाने परत मारायचे नाहीत. वाकून हाताने उचलून द्यायचे. "हा बूट मारण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे," म्हणायचे.

खेळाडूंना नावाने हाक मारत नसत. "ए पेंट शॉप, मागे बघ." "वेल्डिंग, झोपलास का?" एकाने नोकरी बदलली की त्याचं नावही बदलायचं. एक मुलगा कंपनी सुटून घरी बसला होता, त्याला ते काय म्हणणार याची सगळ्यांना उत्सुकता होती. सर त्याला महिनाभर "बाळ" म्हणाले. त्याला नोकरी लागली त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले, "ए डिस्पॅच!" आणि तो मुलगा मैदानभर हसत पळाला.

मध्यंतरात इतर संघांचे कोच हातवारे करून ओरडत असायचे. आमच्याकडे सर एकच शब्द बोलायचे, "पडा." अकरा जण बूट काढून गवतावर उताणे पडायचे. बोलायचं नाही, पाणी पडूनच प्यायचं. समोरचे लोक ओरडायचे, "ॲम्ब्युलन्स बोलवा राव, सगळेच गेले!" सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. हरल्यावर चिडायचे नाहीत. "घाईत केलेला जॉब परत येतो," एवढंच म्हणायचे. मुलांनी घाई केली नसली तरी तेच म्हणायचे.

क्लबातली सगळी मुलं पाळीने काम करणारी. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी म्हणजे रात्रपाळी. त्यामुळे सराव दिवसातून दोनदा व्हायचा, सकाळी आठला दुसऱ्या पाळीवाल्यांचा आणि संध्याकाळी पाचला बाकीच्यांचा. सर रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त दोन आकडे टाकायचे, "८, ५". नमस्कार नाही, सुप्रभात नाही. मी ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा टाकल्या तेव्हा त्याखाली त्यांचं उत्तर आलं होतं, "८, ५".

आणि त्यांचा एक नियम होता. सामना रविवारी सकाळी नऊला असतो. शनिवारची रात्रपाळी करून आलेल्याने खेळायचं नाही. कितीही चांगला असो, कितीही तरतरीत वाटो. "प्रेसखाली हात जातो तो झोपेतच जातो," हे ते सांगायचे. त्यापलीकडे कारण त्यांनी कधी दिलं नाही, आणि ज्यांनी प्रेस शॉप पाहिलं होतं त्यांनी ते विचारलंही नाही.

हा नियम आम्हाला भोवत होता, कारण आमचा सर्वांत चांगला खेळाडू बालाजी. परभणीकडचा मुलगा, चाकणला एका कंपनीत कंत्राटी. कंत्राटी मुलांच्या वाट्याला रात्रपाळी जास्त येते. चार रविवारांतले तीन बालाजी सातला कंपनीच्या गेटबाहेर पडून थेट मोटारसायकलवर मैदानात यायचा, आणि सर त्याला हाताला धरून एका झाडाखाली नेऊन बसवायचे. तो तिथे बसून आपला संघ हरताना बघायचा आणि अर्ध्यात घोरायला लागायचा.

"बघा," सर मला म्हणायचे. "हा खेळणार होता."

त्या हंगामात आम्ही जिल्हा लीगच्या पहिल्या गटात तळाशी होतो. राजगुरुनगरच्या सामन्याला तर कहर झाला. सणाचे दिवस जवळ आलेले, सगळ्या कंपन्यांत ओव्हरटाइम, निम्मी टीम रात्रपाळी करून आलेली. सरांनी प्रत्येकाला विचारलं, "झोपलास?" खोटं बोलणं त्यांच्यापुढे कोणाला जमायचं नाही. शेवटी नऊ जण उरले. नऊ जणांनिशी आम्ही खेळलो आणि पाच गोल खाल्ले. उरलेली मुलं खेळाचे कपडे घालून, बूट बांधून, बाहेर बसून होती.

त्या संध्याकाळी तात्यांनी कमिटी बोलावली.

तात्या आमचे अध्यक्ष. गावचं जुनं शेतकरी घराणं. मैदानाची जमीन त्यांच्या भावकीची. आजूबाजूच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या तरी हा तुकडा तात्यांनी फुटबॉलसाठी राखला होता. स्वतः लहानपणी तिथे खेळले होते म्हणून. पण भाऊ आता ऐकत नव्हते. त्यांना तिथे लग्नाचं लॉन करायचं होतं.

"मी भावांला शबुद दिलाय," तात्या म्हणाले. "क्लब पयल्या गटात हाय तवर जागंला हात लावायचा न्हाई. खाली आला की करा लॉन. आता सांगा, काय करायचं?"

चहा आला.

"सरांनी बालाजीला खेळवलं तर आपण राहू," खजिनदार म्हणाले.

"मंग सांगा त्येंना."

"सांगितलं तीन वेळा. ते म्हणतात, बालाजीची पाळी बदलून आणा."

"आन् मी काय चाकणचा एचआर हाय व्हय?"

सगळे हसले, पण थोडंच. कंत्राटी कामगाराला काही महिन्यांनी घरी बसवतात, त्याला इकडे ब्रेक देणं म्हणतात. तात्यांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "सरांला ब्रेक द्यावा लागंल."

मत घेतलं. सगळ्यांनी हात वर केला. मीही केला. माझ्या डोळ्यासमोर तेव्हा ते मैदान होतं, आणि पाळीवरून सुटून तिथे येणारी मुलं. दुसरं मैदान त्यांना कोणी देणार नव्हतं. पुण्याहून एक तरुण, रीतसर शिकलेला कोच, इंगळे, यायला तयार होता.

प्रश्न उरला तो हे सरांना कोणी सांगायचं याचा. खजिनदारांच्या मुलाला त्यांनी चालायला आल्यापासून खेळवलं होतं. तात्यांच्या वडिलांना खांदा दिला होता. माझ्याकडून ते पुस्तकं न्यायचे, जिथे कधी जायचं नाही अशाच देशांची प्रवासवर्णनं, आणि वेळेवर आणून द्यायचे.

"तसं त्वांडावर न्हाई सांगता येत," तात्या म्हणाले. "सत्कार करू."

हे इतकं योग्य वाटलं की आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आमच्याकडे सत्कार म्हणजे शेवट. कंपनीत माणसाला शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली, गाडीने घरी सोडलं की दुसऱ्या दिवशी तो येत नाही. हे कोणाला सांगावं लागत नाही.

सत्कार झोकात झाला. फ्लेक्सवर सरांचा फोटो होता, तात्यांचा थोडा मोठा होता. खाली "हार्दिक अभिनंदन". कशाबद्दल ते लिहिलेलं नव्हतं. मी मानपत्र वाचलं. खजिनदार बोलले, तात्या बोलले, तात्यांचे डोळे भरून आले. सर किती थोर, हे प्रत्येकाने सांगितलं. आता ते येणार नाहीत, हे कोणीच सांगितलं नाही. ते सत्कारातच आलं, असं प्रत्येकाने धरलं होतं.

सर उत्तराला उभे राहिले. शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. "आभारी आहे," म्हणाले. "उद्या सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. रात्रपाळीवाल्यांनी आठला येऊ नये, घरी झोपावं."

टाळ्या पडल्या. मुलांनी वाजवल्या. कमिटी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आठला मैदानात दोन कोच होते. इंगळे शिट्टी आणि रंगीत कोन घेऊन आला होता. सर सेफ्टी शूज घालून. इंगळेने पुढे होऊन नमस्कार केला.

"कुठल्या खात्यातले?" सरांनी विचारलं.

"मी... कोच आहे सर. नवीन."

"बरं झालं. या. तो तिकडचा वेल्डिंग, त्याचा डावा गुडघा कच्चा आहे, त्याला उड्या मारायला लावू नका. आणि तो मागे उभा आहे तो विचारल्याशिवाय बोलत नाही, त्याला विचारत जा."

इंगळेला काय करावं कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांना फोन लावला.

"आरं द्येवा," तात्या म्हणाले. "त्येंना कळलंच न्हाई व्हय?"

पुढचे काही आठवडे असेच गेले. आकडे ग्रुपवर येतच राहिले. सराव दोघं मिळून घ्यायचे. इंगळे कोन मांडायचा, मुलांना वळणावळणाने पळवायचा. सर शेजारी उभे राहून त्याला एकेका मुलाची माहिती द्यायचे, कोणाचं लग्न ठरतंय, कोण जेवण न करता येतो, कोणाला ओरडलेलं चालतं आणि कोणाला नाही. रविवारी संघ सर निवडायचे, तोच नियम लावून. दोन सामने बरोबरीत सुटले, एक हरलो. इंगळे चांगला मुलगा. मोठ्या माणसाला बाजूला व्हा म्हणणं त्याच्याकडूनही झालं नाही.

शेवटी तात्या स्वतः रहाटणीला सरांच्या घरी गेले. तासाभराने परत आले.

"सांगितलं?" मी विचारलं.

"च्या प्यालो."

"आणि?"

"आन् काय? काकूंनी पोहे केल्ते. निघताना काकू दारात म्हनल्या, तात्या, काही सांगायचं राहिलं का? मी म्हनलं, न्हाई, पोहे झ्याक झाल्ते." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "तुमी शिकल्याले हाय, तुमी जावा."

मी जाणारच होतो. त्याआधी शेवटचा रविवार आला.

त्या दिवशी जिंकलो तर पहिल्या गटात राहणार होतो. बरोबरीही पुरणार नव्हती. तात्यांचे दोन्ही भाऊ आले होते, पांढऱ्या कपड्यात, पिवळ्या रेषेच्या बाहेर हाताची घडी घालून. ते सामना बघत नव्हते, जागा बघत होते. एकाने पावलं टाकून गोलपोस्टपासून फाटकापर्यंतचं अंतरही मोजलं.

बालाजी कंपनीच्याच कपड्यात आला. डोळे लाल. सरांनी पाहिलं.

"झोपलास?"

"न्हाई सर. पर आजच्या दिस खेळू द्या. म्या ठीक हाय बगा."

"झाडाखाली बस."

"सर, खाली गेलो तर मैदानच जातंय म्हनतेत. मंग म्या रविवारी यावं कुठं?"

सरांनी झाडाकडे बोट केलं. इंगळे जवळच होता. तो पहिल्यांदा, हळू आवाजात, म्हणाला, "सर, मी याला उत्तरार्धात घेतो. फक्त उत्तरार्धात."

तेवढ्यात पंच आले. बाहेरचे होते, आमचा मामला त्यांना ठाऊक नव्हता. "रेषेवर दोघं नको. यातले मॅनेजर कोण?"

माझ्या हातात संघाची यादी होती. मी तात्यांकडे पाहिलं. तात्या मोबाइलमध्ये बघत होते, मोबाइल बंद होता. मुलं आमच्याकडे बघत होती. इंगळे जमिनीकडे.

"कोण आहे हो?" पंचांनी घड्याळ पाहिलं.

"हे," सर म्हणाले आणि इंगळेकडे बोट केलं. "माझा सत्कार झालाय."

तात्या पुढे धावले. "अवो सर, तसं न्हाई, आमी काय..."

"तसंच आहे, तात्या. शाल दिली तेव्हाच कळलं. पण नवा माणूस आला तरी चार्ज दिल्याशिवाय मशीन सोडून जायचं नसतं. चालू मशीन टाकून कोणी घरी जातं का? आज त्याने पहिल्यांदा मला नाही म्हटलं. झाला चार्ज देऊन."

इंगळे काहीतरी म्हणणार होता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मला "चालू द्या" म्हणाले, आणि गाड्या लावल्या होत्या तिकडे जाऊन उभे राहिले. पूर्ण सामना त्यांनी तिथूनच बघितला. मध्यंतरात मुलं सवयीने उताणी पडली. इंगळेने त्यांना पडू दिलं.

उत्तरार्धात बालाजी आला. तो नेहमीसारखा खेळला नाही. दोनदा चेंडू त्याच्या समोरून गेला आणि त्याला उशिरा कळलं. तिसऱ्या वेळी वेल्डिंगने डावीकडून दिलेला चेंडू त्याच्या पायाला लागला. त्याने मारला म्हणण्यापेक्षा तो लागला, आणि जाळ्यात गेला. मी वळून गाड्यांकडे पाहिलं. सर टाळ्या वाजवत होते. संथ, पण वाजवत होते.

आम्ही जिंकलो. मुलांनी इंगळेला खांद्यावर घेतलं. तात्यांचे भाऊ एकमेकांशी काही बोलले आणि फाटकातून निघून गेले. तात्या गवतावर मांडी घालून बसले ते उठेचनात. गुलाल कुठून आला देव जाणे.

बालाजी त्या गर्दीत नव्हता. तो बूट बदलून आपल्या मोटारसायकलपाशी गेला होता. त्याला चाकणला खोलीवर जायचं होतं. मोशीपुढचा सगळा रस्ता, कंटेनरच्या मधून. सर तिथेच होते. मी आणि तात्या त्यांना भेटायला म्हणून तिकडे निघालो होतो.

"चावी दे," सर म्हणाले.

"म्या जातो की सर. जवळच तर हाय."

"चावी."

बालाजी हसला. जिंकल्याच्या आनंदात होता, थोडा धिटाईनेच म्हणाला, "सर, आता तर तुमी कोच न्हाई ना?"

"नाही. कोच असतो तर तू खेळला नसतास आणि आता जागा नसतास. चावी दे."

बालाजीचं हसू तसंच राहिलं, पण त्याने चावी दिली. सरांनी त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा स्वतः लावला, गाडी सुरू केली. गियर टाकताना तो जड बूट अडला, दुसऱ्या प्रयत्नात गियर पडला. बालाजी मागे बसला आणि त्याने दोन्ही हातांनी सरांना कमरेशी धरलं.

"सर, परत कसं येणार?" मी विचारलं.

"बस असते ना," ते म्हणाले आणि गेले.

तात्या फाटकाकडे बघत उभे होते. कपाळाला गुलाल, चेहरा उतरलेला. त्यांनी विचारलं, "आपून चूक केली का हो?"

"नाही," मी म्हणालो.

आजही मला तसंच वाटतं. मैदान अजून आहे, मुलं अजून तिथे येतात, लॉन झालं नाही. सर मॅनेजर राहिले असते तर आम्ही त्या दिवशी नक्की खाली गेलो असतो, आणि बालाजी झाडाखाली झोपून उठून, तोंड धुऊन, आपली गाडी आपणच चालवत घरी गेला असता.